उपयोग काय?

आमच्या मागच्या पडवीपासून परसातल्या तिसऱ्या माडापर्यंत एक तांब्याची तार गेलेली आहे. तिच्यावर आम्ही कपडे वाळत घालत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न हाच विचारतो, "एवढी उंच का हो बांधलीत? वहिनींचा हात कसा पोचतो?" ही रेडिओची एरियल आहे असं म्हटलं की पाहुणा आधी तारेकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग आमच्या सौ.कडे सहानुभूतीने बघतो, आणि चहाचा कप खाली ठेवून दुसरा प्रश्न विचारतो, "पण याचा उपयोग काय?"

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविरुद्ध आहे.

मी बँकेतला कारकून. त्यातून बी. कॉम. त्यामुळे उपयोग, फायदा, नफा या गोष्टींशी माझं वैर आहे असं कुणी समजू नये. उलट दिवसभर मी दुसऱ्यांच्या नफ्याच्याच बेरजा करत असतो. माझी तक्रार एवढीच की, हा प्रश्न फक्त मलाच का? पाच दिवस टेस्ट मॅच बघून ती अनिर्णित राहिल्यावर जो गृहस्थ समाधानाने आंघोळीला जातो, त्याला कुणी विचारतं का उपयोग काय म्हणून? आमच्या मेव्हण्याने घरात सदतीस गणपती जमवले आहेत. एकानेही अजून त्याचा मोटारीचा हप्ता भरलेला नाही. पण सदतिसांनाही पाहुणे हात जोडतात. आणि माझ्या वीस मीटर निरुपद्रवी तांब्याला मात्र जमाखर्च मागतात!

रेडिओचं वेड मला वडिलांकडून वारशाने मिळालं. वारशात तेवढंच मिळालं. त्यांच्याकडे एक व्हॉल्व्हचा रेडिओ होता. लावला की तापायला मिनिटभर घ्यायचा आणि तापला की आसपासच्या मंडळींसह तापायचा. त्याला जाळीची एरियल होती. माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली ती तांब्याची जाळीदार पट्टी ज्यांना आठवते त्यांनी आता चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. रेडिओ ऐकायला तेव्हा सरकारी परवाना लागे, टपाल कचेरीत जाऊन दरसाल त्याचे पैसे भरावे लागत. १९८०नंतर काही वर्षांतच ती पद्धत गेली. ते परवान्याचं पुस्तक मी जपून ठेवलं आहे. आमच्या घराण्यात सरकारने लेखी परवानगी देऊन काही करू दिल्याचा तो एकमेव पुरावा आहे.

वडील गेले, त्यांच्यामागोमाग रेडिओही गेला. मी त्याचं पोट उघडलं आणि आतला गँग काढून घेतला. गँग म्हणजे गुंडांची टोळी नव्हे, स्टेशन लावताना एकमेकांत सरकणाऱ्या पत्र्यांचा कंडेन्सर. मग हापूसच्या दोन रिकाम्या पेट्या फोडल्या, फळ्यांची फुली केली, पंपाच्या मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडून तार आणली, फुलीवर दहा वेढे घेतले, टोकं गँगला जोडली. झाली लूप एरियल. खर्च शून्य, कारण तार देताना वाइंडिंगवाल्याने 'कशाला हवी' असं विचारलं आणि मी सांगितल्यावर पैसे घ्यायला त्याला संकोच वाटला.

ही चौकट साध्या ट्रान्झिस्टरशेजारी ठेवायची, जोडायचीसुद्धा नाही, नुसती शेजारी. गँग फिरवत नेला की एका ठिकाणी, जिथे मघाशी नुसती खरखर होती तिथे, एकदम माणूस बोलायला लागतो. रत्नागिरी केंद्र मिडियम वेव्हवर ११४३ किलोहर्ट्झला. ते आमच्याकडे दिवसा मुंगीसारखं यायचं, ते या चौकटीजवळ बैलासारखं आलं. त्या संध्याकाळी मी सौ.ला हाक मारून ते ऐकवलं. तिने मन लावून ऐकलं. भातावरच्या तुडतुड्यांचं नियंत्रण चाललं होतं. "छान," ती म्हणाली, "पण आपली शेती कुठे आहे?"

म्हणजे पुन्हा उपयोग!

रात्री तर गंमत विचारू नका. दिवसा सूर्यामुळे आकाशात एक थर तयार होतो, तो मिडियम वेव्हच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य बुडाला की तो थर विरतो, लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून परत जमिनीवर येतात आणि लांबलांबची स्टेशनं लागू लागतात. आमच्या पश्चिमेला थेट अरबस्तानापर्यंत नुसतं पाणी. त्यामुळे रात्री दहानंतर आमच्या पडवीत अरबी बोलणारी माणसं येतात. काय बोलतात ते कळत नाही. पण काउंटरवर मराठीत बोलणारी माणसं काय बोलतात ते तरी मला कुठे कळतं?

यावर आमचा भाचा म्हणतो, "मामा, हे सगळं मोबाइलवर येतं." येतं ना! वडापावही टपरीवर मिळतो, म्हणून घरात स्वयंपाक बंद करायचा? आणि मोबाइलवर येतं ते कुणीतरी आधी पकडून, निवडून, डब्यात भरून पाठवलेलं असतं. माझ्या तारेवर जे येतं ते थेट आकाशातून, माझ्या पत्त्यावर, मध्ये कुणीही नाही. मग भलेही त्यात निम्मी खरखर असो. ती खरखर माझी आहे.

तयार एरियल विकत का घेत नाही, हा त्यापुढचा प्रश्न. मेव्हण्याने एकदा घेऊन दिली. खोक्यावर पाचशे किलोमीटरचा पल्ला छापला होता. लावली तर पाच किलोमीटरचंही स्टेशन दुरावलं. मी ती उघडली. आत बोटभर तार होती आणि ती कशालाच जोडलेली नव्हती. बाकी वजन भरायला लोखंडाचा तुकडा. घरी केलेल्या एरियलमध्ये ही सोय असते की ती फसवी निघाली तर फसवणारा कोण हे ठाऊक असतं.

आणि करायला काही मोठी विद्या लागते असंही नाही. मेगाहर्ट्झमधल्या आकड्याने १५०ला भागलं की अर्ध्या लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. त्यातून पाच टक्के कापायचे, कारण तारेला टोकं असतात आणि टोकांपाशी वीज जरा रेंगाळते. हा निसर्गाचा टीडीएस समजावा. म्हणजे १००च्या आसपास एफएम ऐकायचं तर दीडेक मीटर, मधोमध कापून दोन तुकडे. आमच्या पडद्यांच्या दांड्या नेमक्या त्याच मापाच्या होत्या. त्या प्रयोगाविषयी मी इथे जास्त लिहीत नाही, कारण हा लेख घरातही वाचला जाणार आहे.

१९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र चालवलं, ते ४२.३४ मीटरवर होतं. वरचं गणित लावा. अर्ध्या लहरीला वीस मीटरच्या आसपास तार पुरते, म्हणजे माझ्या पडवीपासून तिसऱ्या माडापर्यंतचंच अंतर! पोलिसांना चुकवत घरं बदलत ही मंडळी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत बोलत राहिली. त्यांची तार आणि माझी तार यांत फरक एवढाच की, त्यांच्या मागे पोलीस होते आणि माझ्या मागे सासुरवाडी.

कारकुनांनी या विषयात लक्ष घालावं याला आणखी एक कारण आहे. पूर्वी दूरदर्शनसाठी प्रत्येक छपरावर माशाच्या काट्यासारखी अँटेना असायची आणि घरातला धाकटा मुलगा वर चढून "आलं काय?" असं ओरडायचा, ती आठवते? तिचं नाव यागी. जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात प्रोफेसर यागींच्या हाताखाली शिंतारो उदा नावाचे गृहस्थ होते. खपून प्रयोग केले ते उदांनी, १९२६च्या सुमारास. यागीसाहेबांनी १९२८ साली इंग्रजीत निबंध लिहिला आणि जगभर अँटेनेला नाव पडलं यागीचं. व्हाउचर कुणी लिहायचं आणि सही कुणाची असायची, हे आम्हाला जपानने शिकवायला नको होतं. पण पुढची गंमत ऐका. १९४२ साली सिंगापूर घेतल्यावर जपान्यांना एका इंग्रज सैनिकाच्या टिपणवहीत रडारविषयी लिहिताना 'यागी' असा शब्द सारखा आढळला. अर्थ लागेना. शेवटी त्या कैद्यालाच विचारलं. तो चक्रावला. म्हणाला, अहो, हे तुमच्याच प्रोफेसरांचं नाव! म्हणजे 'उपयोग काय' विचारणारे जपानमध्येही होते, फक्त तिथे ते लष्करात होते.

आमच्याकडे ते शाखेत आहेत. साहेबांना माझा छंद ठाऊक आहे. "काय, मंगळाशी बोलणं झालं का?" हा त्यांचा रोजचा विनोद. आता मौज अशी की आमची शाखा चालते कशावर? तर गच्चीवरच्या एका तबकडीवर! ती तबकडी उपग्रहाकडे तोंड करून बसली आहे म्हणून इथल्या पेन्शनरांच्या खात्यात पैसे दिसतात. पण ती कंपनीने बसवली, तिच्यावर नंबर रंगवला, म्हणून ती 'सिस्टिम', आणि माझी ती 'तार'.

एका पावसाळ्यात, नेमकी महिन्याची पहिली तारीख, लिंक गेली. बाहेर पाटी लागली: 'लिंक नाही.' ही पाटी आमच्याकडे पत्र्याची करून घेतलेली आहे, कारण पुठ्ठ्याची टिकत नाही. पेन्शनवाले म्हातारे पडवीत बसले. त्यातल्या एक आजी पार पलीकडच्या वाडीतून चालत आलेल्या, औषधं संपलेली. मी जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर गेलो. केबलच्या जोडावरची चिकटपट्टी सुटून लोंबत होती. खारा वारा आणि पाऊस यांपुढे चिकटपट्टी म्हणजे काय! जोडातून पाणी शिरतं, केबलच्या आत उतरतं, बाहेरून सगळं ठाकठीक दिसतं आणि आत सिग्नल बुडून मरतो. हे माझ्या घरी तीनदा झालेलं. खाली येऊन मी सांगितलं, "साहेब, कनेक्टरमध्ये पाणी आहे. पुसून, वाळवून बसवू या, अर्ध्या तासाचं काम." साहेब म्हणाले, "तुमच्या तारा घरी. याला हात लावलात तर मेमो देईन."

त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. बँकेत ज्याला जे येतं त्याने ते करू नये, असाच नियम आहे.

इंजिनियर कोल्हापुराहून तिसऱ्या दिवशी आला. गगनबावड्याच्या घाटात धुकं होतं. त्याने जोड उघडला, केबल उलटी धरली आणि चहाच्या कपात ओतावं तसं पाणी ओतलं. पंचवीस मिनिटांत लिंक आली. आजी तीन दिवस रोज येऊन गेल्या. कुणीतरी औषधं उधार आणून दिली म्हणून निभावलं. मला त्या तीन दिवसांत साहेबांच्या शेऱ्याचं काही वाटलं नाही. आजींना काउंटरवरून 'लिंक नाही' असं सांगताना वाटलं, कारण लिंक का नाही ते मला माहीत होतं.

मोजून बघायची एकदा सवय लागली की ती माणसाला नडते. आमच्या गावाचा मोठा अभिमान असा की हेलियमचा शोध विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लागला. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात, नॉर्मन लॉकियर साहेबाने लावला. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात. मी पुस्तकं चाळली. त्या ग्रहणात जान्सेन नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ होते ते आंध्रातल्या गुंटूरला. लॉकियर होते इंग्लंडात. ग्रहणाशिवायच, ऑक्टोबरमध्ये, त्यांनी तिथून सूर्य पाहिला. आमच्या किल्ल्यावर ते खरोखर आले, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला, तीस वर्षांनी. ओटे खरे, साहेब खरा, तारीख तेवढी दुसरी. माझ्या मते यात कमीपणा काहीच नाही. एवढा मोठा माणूस दुर्बिणी घेऊन बोटीने आपल्या दारात आला, हे काय थोडं झालं? पण टपरीवर हे बोललो आणि माझ्यापुढचा चहा कुणीतरी सरकवून घेतला. तेव्हापासून मी खगोलशास्त्र सोडून दिलं आहे आणि फक्त तारेवर राहतो.

तारेचे सर्वांत जुने विरोधक म्हणजे शेजारचे आबा. वय सत्तरीपुढे, सगळा जन्म समुद्रावर. पहिल्या दिवशी मी माडावर गडी चढवला तेव्हा आबा खाली उभे राहून म्हणाले, "ह्या तारेक बांगडे गावतत काय रे?" नाही म्हटलं. "मगे हेचो उपयोग काय?" त्यानंतर दर चतुर्थीला आणि शिमग्याला हाच प्रश्न.

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं. १६ तारखेचा रविवार. वीज आदल्या रात्रीच गेली होती. दुपारी मोबाइलच्या मनोऱ्याने मान टाकली. कौलं उडत होती, माझी तार तिसऱ्या माडासकट आडवी झाली. आबांचा मुलगा देवगडला, आनंदवाडी बंदरात बोटीवर. फोन लागत नव्हता, रस्त्यावर झाडं. रात्री आठच्या सुमारास आबा डोक्यावर गोणपाट घेऊन आमच्या पडवीत येऊन बसले. उपयोग विचारला नाही. "वादळ खंय पोचला?" एवढंच म्हणाले.

मी ट्रान्झिस्टर आणि हापूसच्या फळ्यांची चौकट काढली. मोठी तार नसतानाही मधूनच मराठी बातम्या लागल्या, रत्नागिरी की पणजी ते खरखरीत कळेना. त्यांनी किनाऱ्यावर जोरदार वारे वाहत असल्याचं सांगितलं. ते आम्हाला कौलांतून दिसतच होतं. पण ती खरखर माझ्या कामाची होती. वीज चमकली की रेडिओत कडकड होते. चौकट फिरवली की एका दिशेला ती कडकड मोठी होते आणि काटकोनात मरते. रडारवाले वॉटसन-वॅट साहेब रडारच्या आधी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, वादळं हुडकायला हेच करत. ते वाचलेलं असल्यामुळे शनिवार रात्रीपासून मी पडवीत खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या. सौ.ने दोनदा पुसायला फडकं आणलं होतं.

आबांना रेघा दाखवल्या. ही शनिवार रात्रीची, दक्षिणोत्तर. ही दुपारची, पूर्व-पश्चिम. आणि आत्ताची पुन्हा दक्षिणोत्तर.

"म्हंजे उत्तरेक गेला?"

आता काय सांगू? लूप एरियलचा हा मोठा दोष. ती रेघ दाखवते, टोक दाखवत नाही. उत्तर म्हटलं तरी खरं, दक्षिण म्हटलं तरी खरं. आणि दक्षिणेला देवगड. एरवी मी हे तत्त्व अर्धा तास समजावून सांगितलं असतं. त्या रात्री ते सांगायला तोंड उघडेना. "आबा, नुसत्या ह्या रेघेवरून सांगता येत नाही," मी म्हणालो.

आबा कंदील घेऊन खाली बसले. तिन्ही रेघांवरून बोट फिरवलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "काल दक्षिणेक होता. दुपारी पश्चिमेक, दर्यात. मगे आता परत दक्षिणेक कित्याक जायत? वारो पण सकाळधरना फिरता हा, आता तो पश्चिमेसून येता. उत्तरेकच गेला ता." आणि माझ्याकडे बघून, "तुज्या पेटयेची नि वाऱ्याची टोटल जुळली."

म्हणजे वाऱ्यावरून त्यांना आधीच कळलं होतं! मी तसं म्हटलं. "कळला होता," आबा म्हणाले, "पन एकट्याक कळान काय होता?" वादळ देवगडावरून पुढे सरकलं होतं. मागे काय ठेवलं होतं ते माझ्या चौकटीलाही सांगता येत नव्हतं आणि वाऱ्यालाही. तरी आबा अकराच्या पुढे तिथेच, भिंतीला टेकून झोपले. मी दर तासाला उठून रेघ मारत होतो. पहाटेपर्यंत कडकड मंदावली आणि मधल्या शांततेत एक अरबी गवई फार सुंदर गायला.

देवगडला त्या वादळात बोटी बुडाल्या, खलाशी गेले. आबांची बोट गेली. मुलगा सोमवारी संध्याकाळी पडलेली झाडं ओलांडत, बराचसा चालत, घरी आला. पायात चप्पल नव्हती.

पंधरा दिवसांनी, पाऊस लागायच्या आधी, मी चौथ्या माडाकडे बघत तारेचं भेंडोळं घेऊन उभा होतो, तर आबा आले. हातात तंगुसाचं रीळ. माझी सुतळी त्यांनी लांब फेकून दिली, तंगूस दुहेरी घेतला, तारेच्या टोकाला अशी काही गाठ मारली की ती मला आजतागायत सोडवता आलेली नाही, आणि गड्याच्या हातात देऊन त्याला वर चढवला. तार ताणून झाल्यावर हाताने एकदा झटका देऊन पाहिला.

"आता तुटाची नाय," ते म्हणाले, आणि कमरेवर हात ठेवून वर बघत, "पन माका एक सांग रे, हेचो उपयोग काय?"